ताईला काही त्रास नाही, तरी दरवर्षी पेट-सीटी करायचा का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. माझी मोठी बहीण सांगलीत असते, पन्नाशी ओलांडलीय. मागच्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात लहान गाठ सापडली. पहिल्या टप्प्याची होती, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ होत्या. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता फक्त हार्मोनची गोळी चालू आहे रोजची. ताई ठणठणीत आहे, शाळेत परत शिकवायला जाते, पहाटे उठून फिरायला जाते.

प्रश्न असा की भाओजींच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना सांगितलंय की कॅन्सर झालेल्या माणसाने दरवर्षी पेट-सीटी नावाचा स्कॅन करायलाच हवा, डोक्यापासून पायापर्यंत सगळं कळतं. तेव्हापासून घरात तोच विषय. ताईचे कॅन्सरवाले डॉक्टर म्हणतात गरज नाही, दर काही महिन्यांनी तपासणीला या, वर्षाला मॅमोग्राफी करा आणि काही नवीन त्रास झाला तर लगेच कळवा. भाओजींना वाटतं डॉक्टर हलक्यात घेतायत. ताई मधल्यामध्ये. ज्यांनी हा स्कॅन केलाय किंवा ज्यांना या क्षेत्रातलं कळतं त्यांनी प्लीज लिहा. नेमकं काय दिसतं त्यात, आणि काही त्रास नसताना करून फायदा होतो का?

मोगरा
ताईंना खूप शुभेच्छा. वाचतेय.

स्पष्टवक्ता
माझं मत सरळ आहे, करून टाका. पंधरा-वीस हजार रुपये जातात, लग्नात आपण एका संध्याकाळी त्याच्या कितीतरी पट उडवतो. माणूस आपला आहे, आजार साधा नाही. स्वच्छ आला तर घर वर्षभर शांत झोपेल, आणि काही निघालं तर लवकर निघेल. लवकर सापडलेलं कधीही चांगलंच ना? डॉक्टर नाही म्हणाले तरी आपण पैसे भरून करू शकतोच की.

अणुरेणू
मी मुंबईत न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये (किरणोत्सारी औषध देऊन तपासणी करणारं खातं) टेक्नॉलॉजिस्ट आहे, बरीच वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे ताईंनी काय करावं ते मी सांगणार नाही. पण मशीन काय बघतं ते सांगते, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

पेट-सीटीला कॅन्सर असा वेगळा ओळखू येत नाही, त्याला शरीरात साखर कुठे जास्त ओढली जातेय तेवढं दिसतं. आम्ही शिरेतून एफडीजी देतो. ग्लुकोजसारखाच रेणू, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं. भुकेल्या पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेतात, पण पुढे पचवता येत नाही म्हणून तो आतच अडकून बसतो. कॅन्सरच्या पेशी साखर हावरटासारखी खातात हे जर्मनीत ऑटो वॉरबुर्गने १९२० च्या दशकातच दाखवलं होतं, त्यावरच हा सगळा डोलारा उभा आहे.

आता फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. तो मिलिमीटरभर जातो न जातो तोच एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही संपतात आणि दोन फोटॉन बरोबर उलट दिशांना सुटतात, प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे. पेशंटभोवतीच्या कड्यावर समोरासमोर, फोटॉन टिपणाऱ्या दोन क्रिस्टलना ते एकाच क्षणी लागले की मशीन म्हणतं, या रेषेवर कुठेतरी एफडीजी आहे. अशा कोट्यवधी रेषांवरून चित्र तयार होतं.

नुसत्या पेटचं चित्र म्हणजे रात्री डोंगरावर दिवा दिसावा पण वाडी कुठली ते कळू नये. सीटी तो डोंगर दाखवतो. शिवाय सीटीचं दुसरं एक काम आहे जे पेशंटला कुणी सांगत नाही. पोटाच्या आत खोलवरून निघालेले फोटॉन वाटेत अडतात, त्यामुळे आतली जागा उगाच फिकी दिसते. कुठे किती अडले हे सीटीवरून मोजून दुरुस्ती करता येते. पूर्वीच्या नुसत्या पेट मशीनला त्यासाठी किरणोत्सारी कांड्या पेशंटभोवती फिरवत बसावं लागायचं, त्यात बराच वेळ जायचा. सीटी तेच काम सेकंदांत करतो.

मेंदू, हृदय, मूत्रपिंडं, मूत्राशय या जागा निरोगी माणसातही चमकतात. रिपोर्ट वाचताना त्याने घाबरू नका.

नाशिककर
अणुरेणू यांनी लिहिलंय तेच आमच्या घरात घडलं म्हणून लिहितो. माझ्या वडिलांना खोकला आणि वजन कमी होणं, सीटीमध्ये फुप्फुसात गाठ, मग पेट-सीटी. छातीच्या मध्यभागच्या ग्रंथी अशा काही पेटल्या होत्या की रिपोर्टमध्ये एसयूव्ही (चमक किती तीव्र त्याचा आकडा) १२ की १३ लिहिलेलं आणि खाली 'मॅलिग्नन्सीची (म्हणजे कॅन्सरची) शक्यता'. मी रात्री गुगल करून करून एसयूव्ही म्हणजे काय वाचलं, आकडा मोठा म्हणजे कॅन्सर वाईट असं डोक्यात बसलं, आईने रडून घर डोक्यावर घेतलं, पुण्याहून काका निघाले.

डॉक्टर मात्र शांत. म्हणाले आधी तुकडा काढून बघू. दुर्बिणीतून सुई घालून नमुना काढला. टीबी निघाला. सहा महिने औषधं घेतली, बाबा आज द्राक्षबागेत काम करतात. आपल्या देशात चमकणारी ग्रंथी दिसली की टीबी हा विचार आधी यायला हवा असं ते डॉक्टर आम्हाला म्हणाले होते. त्या काही दिवसांत आमच्यावर काय गेलं ते आमचं आम्हाला माहीत.

स्पष्टवक्ता
नाशिककर, बाबा बरे झाले हे वाचून बरं वाटलं. पण मग पेटमुळेच ग्रंथी सापडल्या ना? टीबी तरी कळला!

नाशिककर
गाठ सीटीतच दिसली होती आणि बाबांना लक्षणं होती. त्यांना त्रास होता म्हणून आम्ही शोधत होतो. ताईंना काहीच होत नाहीये.

पोटोबा
स्कॅनबद्दल मला एवढंच माहितीय की माझ्या मेहुण्याला उपाशी बोलावलं होतं, येताना देवळात गेला, पेढा मिळाला, प्रसादाला नाही कसं म्हणायचं म्हणून खाल्ला. तिथल्या बाईंनी परत पाठवला. देवही पावला नाही आणि स्कॅनही झाला नाही.

अणुरेणू
पोटोबा, असे पेशंट खरंच येतात हो. प्रसाद खिशात ठेवा आणि स्कॅन झाल्यावर खा, देव रागावणार नाही.

आमची तगमग यासाठी असते की फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. सकाळी सायक्लोट्रॉनमध्ये (किरणोत्सारी द्रव्य बनवणारं मोठं यंत्र) बनतं, तपासून शिशाच्या डब्यात गाडीने निघतं. बाहेरगावच्या सेंटरची गाडी घाटात तासभर अडकली तर तीस टक्क्यांहून जास्त औषध रस्त्यातच संपलेलं असतं. ते साठवून उद्या वापरता येत नाही. म्हणून एक पेशंट खाऊन आला की त्याच्या मागच्या सगळ्यांचं वेळापत्रक हलतं.

तयारीचं एकदाच लिहून टाकते, कुणाला उपयोग होईल. साधारण सहा तास उपाशी, साधं पाणी भरपूर चालतं. आदल्या दिवशी भात, पोळी, गोड कमी. आदल्या दिवशी जिम, लांब चालणं, जड काम नको, नाहीतर स्नायू साखर खातात. रक्तातली साखर २०० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी स्कॅन पुढे ढकलतात, कारण खरी साखर आणि एफडीजी एकाच दारातून आत शिरायला भांडतात. मधुमेहींनी आधी फोन करून विचाराच. मेटफॉर्मिनमुळे आतडी चमकतात, इन्सुलिन घेऊन लगेच आलात तर सगळं औषध स्नायूंत आणि हृदयात जातं. पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं. बोललात तर स्वरयंत्र चमकतं, सुपारी चघळलीत तर जबड्याचे स्नायू. थंडी वाजली तर मानेजवळची, गळ्याच्या हाडाजवळची तपकिरी चरबी पेटते आणि ती ग्रंथींसारखी दिसून डॉक्टरांना त्रास देते. म्हणून पांघरूण मागायला लाजू नका.

मोगरा
तासभर गप्प! माझ्या सासूबाईंचा स्कॅन झाला तेव्हा त्या इतक्या शहाण्यासारख्या पडून होत्या की सासरे म्हणाले हे औषध घरी मिळतं का. सासूबाईही हसल्या त्यावर.

शेवंता
मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. माझ्या मावशीचं स्तनाचं ऑपरेशन झालं, काही वर्षांनी कंबर दुखायला लागली. तिथल्या डॉक्टरांनी वयामुळे असेल म्हणून दोन वेळा पेनकिलर दिली. शेवटी माझ्या भावाने भांडून पेट-सीटी करवला तर मणक्यात आणि कुल्ल्याच्या हाडात पसरलेलं. मावशी आता आमच्यात नाही. त्यामुळे डॉक्टर म्हणतात गरज नाही हे वाक्य मी तरी सहजासहजी मानत नाही. कृष्णाकाठ, तुम्ही तुमच्या मनाचं ऐका.

रानवारा
शेवंता, मावशींबद्दल वाचून वाईट वाटलं. मी रेडिएशन ऑन्कॉलॉजीत काम करतो, नागपूरला, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या मावशींना नवीन, टिकून राहिलेलं हाडाचं दुखणं होतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला असं दुखणं आलं तर तपास लगेच व्हायलाच हवा होता. पेट-सीटी, बोन स्कॅन, एमआरआय, काहीतरी. तिथे तुमच्या भावाने भांडून केलं ते योग्यच केलं. पण तो प्रश्न वेगळा आणि कृष्णाकाठ यांचा वेगळा.

अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, आस्कोने, २०१२ मध्ये डॉक्टरांसाठी एक यादी काढली, काय करू नका याची. त्यात स्पष्ट होतं की सुरुवातीच्या टप्प्यातला, पसरण्याची शक्यता कमी असलेला स्तनाचा कॅन्सर असेल तर पेट, सीटी, बोन स्कॅन करून टप्पा शोधू नका, आणि उपचार पूर्ण झालेल्या, लक्षणं नसलेल्या पेशंटवर पाळत म्हणूनही ते करू नका. ताईंचे डॉक्टर नेमकं हेच सांगतायत, यात हलक्यात घेणं काही नाही.

का, ते सांगतो. स्तनात परत गाठ आली किंवा दुसऱ्या स्तनात नवीन आली, तर ती लवकर सापडली की बरी करता येते, म्हणून मॅमोग्राफी सोडायची नाही. पण दूरच्या अवयवात पसरलेलं काही महिने आधी स्कॅनवर दिसलं म्हणून पेशंट जास्त जगतो असं दिसून आलेलं नाही. मग हातात राहतं काय? खोट्या चमकांमागे धावणं, सुया, बायोप्सी आणि दरवर्षी किरणं. वर स्तनाच्या कॅन्सरचा लोब्युलर नावाचा एक प्रकार एफडीजी कमी घेतो, आणि काही मिलिमीटरचा ठिपका मशीनला दिसतच नाही. म्हणजे 'स्वच्छ' रिपोर्टवर वर्षभर शांत झोपावं इतका तो भरवशाचाही नाही. स्पष्टवक्ता, लवकर सापडणं चांगलं हे खरं, पण सापडल्यावर आपण काही वेगळं करणार असलो तरच.

आता उलट बाजू, नाहीतर वाटेल मी पेटचा शत्रू आहे. मी आठवड्यातून किती वेळा पेट-सीटी लिहून देतो विचारू नका. हॉजकिन लिम्फोमा घ्या, ग्रंथींचा कॅन्सर, तरुण मुलांना होतो. पूर्वी सगळ्यांना ठरलेल्या केमोची पूर्ण सायकल द्यायचो. त्यातलं ब्लिओमायसिन फुप्फुसाला इजा करतं. २०१६ मध्ये राथल नावाचा मोठा अभ्यास आला, १२०० च्या वर पेशंट. दोन सायकलींनंतर पेट-सीटी केला, स्वच्छ आला त्यातल्या निम्म्यांचं ब्लिओमायसिन पुढे बंद केलं. आजार आटोक्यात राहण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं, फुप्फुसाचा त्रास कमी झाला. एका स्कॅनने औषध कमी करता आलं! ते वाचताना मला झालेला आनंद अजून आठवतो.

आणि आपल्याकडचं रोजचं दुखणं म्हणजे तंबाखू. घशाच्या, जिभेच्या मागच्या कॅन्सरला केमो-रेडिएशन दिल्यावर मानेच्या ग्रंथी मोठ्या असतील तर सरसकट मान उघडून त्या काढायची पद्धत होती. इंग्लंडमध्ये पेट-नेक अभ्यास झाला, ५६४ पेशंट. उपचारानंतर १२ आठवड्यांनी पेट-सीटी करून गरज असेल त्याचंच ऑपरेशन केलं. त्या गटात ५४ ऑपरेशनं झाली, दुसऱ्या गटात २२१, आणि जगण्यात फरक पडला नाही. मान उघडलेल्या माणसाचा खांदा नंतर कसा दुखतो हे ज्यांनी बघितलंय त्यांना या आकड्याची किंमत कळेल. १२ आठवडे थांबायचं कारण असं की रेडिएशनने आलेली सूजही चमकते. आमच्याकडे नातेवाईक महिन्यातच स्कॅन मागतात, मग काय पेटलंय ते कुणालाच सांगता येत नाही.

शेवंता
रानवारा, धन्यवाद. लक्षण आलं तर थांबायचं नाही, हे तरी सगळ्यांनी लक्षात ठेवा एवढंच माझं म्हणणं.

रानवारा
शंभर टक्के.

गोंयकार
हांव म्हापशाचो. मराठीत लिहितो. सासऱ्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं आणि नंतर रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी सोडतात ते प्रथिन) वाढायला लागलं. आम्ही एफडीजीवाला पेट करायला निघालो होतो, डॉक्टर म्हणाले नको, प्रोस्टेट साखर फारशी खात नाही, पीएसएमएवाला करा. त्यात एका छोट्या ग्रंथीत सापडलं आणि तिथेच रेडिएशन दिलं. तेव्हा कळलं की पेट एकच नसतो. पण हा नक्की काय प्रकार आहे ते कुणी सांगेल का, तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

अणुरेणू
मशीन तेच, आत सोडलेलं औषध वेगळं. पीएसएमए हे प्रोस्टेटच्या पेशींच्या पाठीवर भरपूर असणारं प्रथिन, त्याला चिकटणारा रेणू गॅलियम-६८ ला जोडायचा. गॅलियम ६८ मिनिटांत निम्मं होतं, पण त्याला सायक्लोट्रॉन लागतोच असं नाही. जनरेटर नावाच्या उपकरणात जर्मेनियम-६८ असतं, ते २७१ दिवसांत निम्मं होतं, त्यातून रोज गॅलियम काढून घेता येतं. त्याच गॅलियमला डोटाटेट हा दुसरा रेणू जोडला की न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठी) दिसतात. आणि गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-१७७ लावलं की तेच औषध गाठीवर जाऊन उपचार करतं. आधी बघायचं, मग तिथेच मारायचं. आमच्या खात्यात सगळ्यात उत्साहाने बोललं जातं ते यावरच.

रानवारा
गोंयकार, ऑस्ट्रेलियातला प्रो-पीएसएमए अभ्यास २०२० ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, धोका जास्त असलेले ३०२ पुरुष, ऑपरेशन किंवा रेडिएशनच्या आधी. पसरलंय की नाही हे सांगण्यात पीएसएमए पेट-सीटी ९२ टक्के अचूक, नेहमीचा सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५. सासऱ्यांची वेळ थोडी वेगळी होती, पण डॉक्टरांनी बरोबर वाट धरली.

डेव्हिसकर
कॅलिफोर्नियातून. मी डॉक्टर नाही, इमेजिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या गावात या विषयातलं एक मोठं काम झालं म्हणून राहवत नाही.

दोन यंत्रं एकाच धुडात बसवायची कल्पना डेव्हिड टाउनसेंड आणि रोनाल्ड नट यांची. पहिलं नमुना मशीन १९९८ ला पिट्सबर्ग विद्यापीठात बसलं, २००० साली टाइम मासिकाने त्याला वर्षातला वैद्यकीय शोध म्हटलं. त्याआधी डॉक्टर पेटची आणि सीटीची फिल्म शेजारी लावून डोळ्यांनी जुळवत बसायचे. एफडीजी माणसाला पहिल्यांदा दिलं ते १९७६ मध्ये फिलाडेल्फियात. ते बनलं होतं न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत, आणि ११० मिनिटांच्या हिशोबात विमानाने आणलं होतं!

नेहमीच्या पेटच्या कड्याची लांबी साधारण २० ते २५ सेंटिमीटर असते, म्हणून पलंग थोडा थोडा सरकवत स्कॅन करतात. सायमन चेरी आणि रॅमसे बडावी यांच्या गटाने इथे डेव्हिसला एक्सप्लोरर बनवला, कड्याची लांबी १९४ सेंटिमीटर. आख्खा माणूस एकदम मावतो. २०१८ ला त्यातली माणसाची पहिली चित्रं आली. संवेदनशीलता कितीतरी पट, त्यामुळे स्कॅन मिनिटाच्या आतही होऊ शकतो किंवा औषध खूप कमी देता येतं. पण संशोधकांना खरी हौस वेगळीच आहे. औषध शिरेत गेल्या क्षणापासून मेंदू, यकृत, आतडं, सगळीकडे ते एकाच वेळी कसं पोचतं ते जिवंत माणसात बघायला मिळतं. मी ती चित्रफीत बघितली, रंग हाताच्या शिरेतून हृदयात, तिथून फुप्फुसात, परत हृदयात आणि मग सगळीकडे. पुस्तकातलं रक्ताभिसरण डोळ्यांसमोर घडत होतं.

जुनाजाणता
डेव्हिसकरांनी अमेरिका सांगितली, मी परळ सांगतो. भारतातला पहिला पेट स्कॅनर परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला, २००२ साली. हे सेंटर अणुऊर्जा खात्याचं, भाभा अणुसंशोधन केंद्राचं, टाटा हॉस्पिटलच्या आवारात. वैद्यकीय सायक्लोट्रॉनही तिथेच बसवला. मग २००४ च्या अखेरीला टाटामध्ये देशातला पहिला पेट-सीटी. म्हणजे जगात व्यापारी मशीन २००१ ला आलं आणि तीन-चार वर्षांत आपल्याकडे सरकारी ठिकाणी गरिबाला मिळायला लागलं. परळच्या फुटपाथवर पथारी टाकून बसलेली माणसं मी रोज बघायचो, त्यातल्या कित्येकांच्या हातात त्या स्कॅनची पिशवी असायची. या गोष्टीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

टिवल्या
माझ्या आजोबांना स्कॅननंतर सांगितलं होतं, आज लहान मुलांना मांडीवर घेऊ नका. धाकटा भाऊ रात्री दिवे घालवून दाराच्या फटीतून बघत होता आजोबा चमकतात का. आजोबा आतून ओरडले, 'अरे झोप, मी अजून बल्ब झालो नाही!' पण सिरियसली, घरातल्यांना काही धोका असतो का?

अणुरेणू
आजोबांना नमस्कार सांगा. पेशंटच्या अंगातून काही तास थोडी किरणं येतात. गरोदर बाई आणि तान्हं बाळ यांच्यापासून त्या दिवशी लांब राहायला सांगतो, बाकीच्यांनी घाबरून ताट वेगळं करण्याची काहीच गरज नाही. भरपूर पाणी प्या, लघवीला जात रहा, रात्रीपर्यंत जवळपास संपतं. अंगावर दूध पाजणाऱ्या आईने आणि गरोदर असण्याची शंका असलेल्या बाईने इंजेक्शनच्या आधी सांगायलाच हवं, हे मात्र अजिबात विसरू नका.

सोबत आलेले नातेवाईक बऱ्याचदा शिशाचं जाकीट मागतात. एक्स-रेला घालतात ते जाकीट ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनपुढे फारसं कामाचं नाही. इथे अंतर आणि वेळ हेच खरं संरक्षण, म्हणून आम्ही बाहेर बसा म्हणतो. उद्धटपणा नसतो तो.

स्पष्टवक्ता
मग पेशंटला स्वतःला किती किरणं मिळतात? हेही सांगून टाका, भाओजींना आकडा लागेल.

अणुरेणू
एफडीजीची नेहमीची मात्रा दिली तर ७ मिलिसिव्हर्टच्या (किरणांची मात्रा मोजायचं माप) आसपास, वर सीटीची. सीटी हलका ठेवला तर थोडी, कॉन्ट्रास्ट (अवयव ठळक दिसण्यासाठी दिलेलं औषध) घालून पूर्ण केला तर बरीच, एकूण वीसच्या पुढेही जाऊ शकते. माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतात. गरज असेल तर हा आकडा बघून स्कॅन टाळणं चूक. पण निरोगी बाईला दरवर्षी, वीस वर्षं, हा हिशोब भाओजींनी स्वतः मांडून बघावा.

मोगरा
अवांतर विचारते, विसरण्याच्या आजारात पण पेट करतात ना? माझ्या बाबांना न्यूरॉलॉजिस्टनी सुचवलंय.

डेव्हिसकर
हो. अल्झायमरमध्ये मेंदूच्या ठरावीक भागात साखर कमी ओढली जाते, ते एफडीजीत दिसतं. दुसरा प्रकार अमायलॉइड पेट, मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची पुटं दाखवणारा. पिट्सबर्गमध्ये एक रेणू बनवला, पिट्सबर्ग कंपाउंड-बी, आणि तो माणसाला पहिल्यांदा दिला २००२ ला स्वीडनच्या उप्सालामध्ये. त्याआधी मेंदूतली ही पुटं फक्त माणूस गेल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली दिसायची. त्यात कार्बन-११ होतं, वीस मिनिटांत निम्मं, म्हणून सायक्लोट्रॉनच्या शेजारीच वापरता यायचं. नंतर फ्लोरिनवाली औषधं आली. पुटं साठतात ते विसरायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधी, हे जिवंत माणसांत बघता आलं ते यामुळेच. पण अमायलॉइड दिसलं म्हणजे आजार आहेच असं नाही, चांगल्या स्मरणशक्तीच्या म्हाताऱ्यांतही दिसतं. बाबांचा कोणता स्कॅन सांगितलाय ते विचारून घ्या.

रानवारा
नाशिककरांच्या टीबीवरून आठवलं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका गटाने फुप्फुसाच्या टीबीच्या पेशंटचे उपचाराआधी, मध्ये आणि सहा महिन्यांनी पेट-सीटी काढले, २०१६ मध्ये नेचर मेडिसिन या संशोधन-नियतकालिकात छापून आलं. थुंकी स्वच्छ, पेशंट बरा म्हणून घरी पाठवलेला, आणि तरी बऱ्याच जणांच्या फुप्फुसात चमक शिल्लक, काहींमध्ये तर नवीन किंवा वाढलेली. म्हणजे आपण बरा म्हणतो तेव्हा आत नेमकं काय चालू असतं आणि शेवटची साफसफाई शरीर स्वतः करतं का, हा प्रश्न त्या स्कॅननी उघडा केला. ज्या चमकेमुळे आम्ही कॅन्सरवाले वैतागतो तीच टीबीवाल्यांना कामाची. आपल्या देशात यावर खूप काम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

स्पष्टवक्ता
एवढं वाचल्यावर माझं मत बदललं. त्रास नसताना दरवर्षी करू नये. फक्त एक, डॉक्टरांनी हे भाओजींना पाच मिनिटं बसून समजावलं असतं तर हा धागाच निघाला नसता. 'गरज नाही' एवढंच ऐकून घरचा माणूस शांत कसा होणार?

शेवंता
+१. याच्याशी मात्र पूर्ण सहमत.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. रानवारा आणि अणुरेणू यांचे प्रतिसाद भाओजींना वाचून दाखवले. नाशिककरांच्या बाबांचं ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग आम्ही तिघं ताईच्या डॉक्टरांकडे गेलो. मी प्रश्न लिहून नेले होते: पेट-सीटीत काही दिसलं तर ताईचे उपचार आज बदलतील का, कोणत्या लक्षणाला आम्ही लगेच यायचं, आणि तेव्हा कोणती तपासणी कराल. डॉक्टरांनी या वेळी सगळं नीट सांगितलं. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकणारं हाडाचं दुखणं, जाणारच नाही असा खोकला किंवा दम, कारण नसताना वजन उतरणं, काविळीसारखं काही, सतत डोकेदुखी, काखेत, गळ्याजवळ किंवा स्तनात नवीन गाठ. यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. भाओजींनी ते कागदावर लिहून घेतलं, आता तो कागद फ्रिजवर लावलाय. ताईने स्वतःच सांगितलं की मला स्कॅन नको, मॅमोग्राफी एकदाही चुकवणार नाही.

एक शेवटचं विचारते. पुढेमागे गरज पडलीच तर आधीच काही सांभाळून ठेवायला हवं का?

अणुरेणू
हो. ऑपरेशनचा आणि बायोप्सीचा रिपोर्ट, त्यात गाठीचा प्रकार लिहिलेला असतो, कोणतं औषध घालून स्कॅन करायचा हे कधी कधी त्यावरून ठरतं. आधीचे मॅमोग्राफी, सीटी जे काही असेल त्याची सीडी, नुसता छापील रिपोर्ट नको. पेट झालाच तर पुढचे स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर आणि इंजेक्शननंतर तेवढ्याच वेळाने करून घ्या, नाहीतर एसयूव्हीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि आजार वाढला की मशीन बदललं ते कळत नाही. लस घेतली असेल तर कोणत्या दंडात आणि कधी, ते सांगा. २०२१ मध्ये कोविडच्या लशीनंतर कित्येक जणांच्या त्याच बाजूच्या काखेतल्या ग्रंथी चमकत होत्या आणि स्तनाच्या पेशंटमध्ये तो फार गोंधळ झाला. ताईंचं ऑपरेशन डावीकडे झालंय म्हणजे लस उजव्या दंडात घ्या, आणि स्कॅनचं इंजेक्शनही उजव्याच हातात द्यायला सांगा.

कृष्णाकाठ
लिहून घेतलं. सीड्या आजच शोधते, बहुतेक भाओजींच्या कपाटात आहेत.